फायररेड आणि लीफग्रीनमधील अदलाबदल मधेच तुटते : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या गेम कन्सोलच्या कार्ट्रिजांवरून काढून घेतलेले पोकेमॉन फायररेड आणि लीफग्रीन हे दोन्ही खेळ मी लॅपटॉपवर एका एम्युलेटरच्या (कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) दोन विंडोंमध्ये चालवतो. फायररेडमधला माझा हॉन्टर हा पोकेमॉन अदलाबदल झाल्याशिवाय गेंगार या पुढच्या रूपात बदलणार नाही आणि व्हल्पिक्स हा पोकेमॉन फायररेडच्या गवतात सापडतच नाही, म्हणून लीफग्रीनमधल्या व्हल्पिक्सच्या बदल्यात हॉन्टर पाठवून नंतर तो परत घ्यावा, असा बेत आहे. मात्र पोकेमॉन सेंटरच्या वरच्या मजल्यावरील बाई दोन्हीकडे खेळ सेव्ह करून घेते, थांबायला सांगते आणि काही क्षणांतच जोडणीत चूक झाल्याचा संदेश येतो.

सेव्ह फाइल दोन्ही खेळांच्या वेगळ्या आहेत, पोकेडेक्स (खेळातली पोकेमॉनची नोंदवही) दोन्हीकडे मिळाला आहे आणि प्रत्येकाजवळ किमान दोन पोकेमॉन आहेत. (हॉन्टरच्या हाती एव्हरस्टोन, म्हणजे रूप बदलू न देणारा दगड, नाही, हेही पाहून घेतले.) एका विंडोवर क्लिक केले की दुसरीतले संगीत अडखळते, त्यामुळे मागची विंडो थबकत असावी आणि लिंक केबलच्या (दोन कन्सोल जोडणाऱ्या तारेच्या) जोडणीला लागणारा ताळमेळ तिथेच बिघडत असावा, असा माझा संशय आहे. ही विंडो मागे असतानाही पूर्ण वेगाने चालत राहावी यासाठी नेमकी कोणती सेटिंग बदलावी, हे कोणी सांगू शकेल का?