मदत हवी आहे : शेठ आमचे मेल वाचतात, काय करू?

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, भुसावळहून रोजचं अपडाऊन.

परवा मिटिंगमध्ये छोटे शेठ सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून म्हणाले, "पगार दहा तारखेच्या आत होत नाही हे नाशिकला कशाला कळवता, मला सांगा ना." मी गारच. ते वाक्य मी एकदाच लिहिलं होतं, नाशिकच्या मावसभावाला, बायोडेटासोबत. ऑफिसच्या मेलवरून. आळस नडला.

कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या पोराला चहा पाजला तर म्हणतो, "काका, तुमच्या सगळ्यांच्या मेलची एकेक कॉपी शेठच्या खात्यात पडते, दिवाळीपासून." आम्हाला कोणी बोललं नाही. नेमणूकपत्र काढलं. दीड पान इंग्रजी, त्यात एवढंच, की कंपनीची साधनं कंपनीच्या कामासाठी.

खरी धाकधूक पुढेच आहे. माझं घरचं जीमेलही त्याच कॉम्प्युटरवर उघडं असतं. त्यात बायकोच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, कर्जाचे कागद. तेही वाचत असतील का? नोकरी घालवायची नाहीये. शेठ माणूस वाईट नाहीत, भरिताच्या पार्टीला स्वतः वाढतात.

कोर्टातला_कारकून : दादा, दोन्ही खाती वेगळी धरा. ऑफिसचा मेल कंपनीचा, त्यावर भांडून हाती फार लागणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण नोकरीतल्या मेलवरच्या पाळतीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही नुकसान टाळायला, धंद्याची गुपितं सांभाळायला मालकाला संमतीशिवाय कामगाराची माहिती वापरायची वाट ठेवली आहे. २०१७ मध्येच रुमानियातल्या एका इंजिनिअरच्या बाजूने युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने निकाल दिला, पाळत ठेवायची तर आधी सांगा म्हणून. इथे तो बंधनकारक नाही.

जीमेलचं तसं नाही. लबाडीने तुमचा पासवर्ड वापरला तर आयटी कायद्याचं कलम ६६सी, तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्हीच उघडं टाकलेलं कोणी वाचलं तर मात्र सिद्ध करताना घाम फुटेल.

घरच्या कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे 'तपशील' दिसेल. खातं कधी, कुठून उघडलं ते त्यात येतं. आधी फोटो काढा, मग बाकी सगळीकडून साइन आउट करून पासवर्ड बदला. ऑफिसच्या क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह असेल तर तो उडवा. आणि रागाच्या भरात ऑफिसचे जुने मेल डिलीट करू नका, उलट तुमच्यावरच शेकेल.

धागाकर्ता : पाहिलं. रविवारी दुपारी २.४० ला उघडलंय, आयपी नंबर ऑफिसचाच. रविवारी मी सावद्याला लग्नात पंगतीत वाढत होतो. फोटो काढला, पासवर्ड बदलला. आता आधी शेठशी बोलू की थेट सायबर पोलिसांत जाऊ?