इंटरव्हल फुगतच चाललाय, ऑयलरची स्टेप-स्टेपने समीकरण सोडवायची पद्धत गंडलीय का?

नाशिकला एमएस्सी प्रोजेक्ट, द्राक्षांवरच्या फवारणीचा अंश कसा घटतो ते क्ष' = −क्ष (जेवढा अंश, तेवढा घटण्याचा वेग) ने काढतोय, सुरुवात नक्की माहीत नाही म्हणून [१, २] हा इंटरव्हल (१ ते २ मधलं काहीही) धरला, स्टेप ०.१, तर [०.८, १.९], मग [०.६१, १.८२]. औषध उडतंय अन् रुंदी १ वरून १.२१?? बग असेल का

> बग नाही रे. वजाने गुणलं की टोकं उलटतात, खालच्यातून २ चा हिस्सा जातो, वरच्यातून १ चा. इंटरव्हलसाठी वापरतात त्या हुकुहाराच्या (१९६७) डेरिव्हेटिव्हमध्ये रुंदी कमी होतच नाही, स्टेप कितीही बारीक कर

> स्टेफानिनी-बेडेचा २००९ चा जनरलाइज्ड हुकुहारा डेरिव्हेटिव्ह बघ, त्यातला दुसरा प्रकार, ज्यात रुंदी घटू शकते. टोकं आपापली चालव: [०.९, १.८]

चाललं! दोन रात्री कोडच उसवत बसलो होतो राव

> समीकरणात बाहेरून इंटरव्हल इनपुट (जसं नवी फवारणी, नक्की किती ते माहीत नाही) टाकलंस तर रुंदी शून्यावर येऊ शकते हां, तिथून पुढे हा प्रकार चालत नाही