कॅरिझो प्लेनमधली ती गोल गोल वर्तुळं कसली?

भटकी_सॅनहोजे:
मागच्या वीकेंडला फुलं बघायला कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो प्लेनला गेलो होतो. सोडा लेकच्या बाजूला माळावर सगळीकडे गोल उंचवटे, प्रत्येकात चार-पाच बिळं, आणि वर गवताची कणसं कापून नीट रचलेले छोटे ढीग!! हे कोणाचं काम? घुशी?

माळरान_वेडा:
घुशी नाहीत, जायंट कांगारू रॅट. कांगारू उंदरांतली सगळ्यात मोठी जात, मागचे पाय लांब, शेपटी त्याहून लांब, उड्या मारत पळतो. ते ढीग म्हणजे त्याचं वाळवण आहे :) बिया ओल्या असताना बिळात नेल्या तर बुरशी धरते म्हणून आधी उन्हात सुकवतो आणि मग गालाच्या पिशव्यांत भरून खाली नेतो. पाणी प्यायची गरजच पडत नाही, बिया पचताना शरीरात जे पाणी तयार होतं त्यावर भागतं आणि लघवी एकदम घट्ट. एका वर्तुळात एकच उंदीर, शेजारी घुसला की मागच्या पायांनी जमिनीवर ठोके देऊन दम भरतो.

भटकी_सॅनहोजे:
भारीच! पण तिथे तर हजारो बिळं दिसली, मग एन्डेंजर्ड (नामशेष व्हायच्या धोक्यात) का म्हणतात?

किटफॉक्स_फॅन:
कारण तिथेच उरलेत. सॅन होकीन व्हॅलीच्या पश्चिमेकडचा सगळा कोरडा पट्टा यांचा होता, कालव्याचं पाणी आलं आणि जमीन नांगरून शेती झाली, वर उंदीर मारायचं विष. 1987 ला अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एन्डेंजर्ड यादीत आले तोवर बरंचसं संपलं होतं. आता कॅरिझो, पॅनोचे व्हॅली आणि इकडेतिकडे थोडे तुकडे. पॅनोचेमध्ये सोलर प्रोजेक्ट आला तेव्हा भांडण कोर्टात गेलं, 2017 ला तडजोड होऊन प्रोजेक्ट छोटा केला. मला सोलर हवंच आहे हो, पण पॅनल आधीच नांगरलेल्या पडीक जमिनीवर लावा ना, शिल्लक राहिलेल्या माळावर कशाला? हा उंदीर गेला तर किट फॉक्सचं (छोट्या कोल्ह्याचं) खाणं गेलं, आणि उंदराच्या बिळांत राहणाऱ्या ब्लंट-नोज्ड लेपर्ड सरड्याचं घरही.

माळरान_वेडा:
+1. आणि प्लीज त्या वर्तुळांवर पाय देऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही, खाली बोगदे असतात, माती लगेच खचते. अंधार पडल्या पडल्या ते बाहेर येतात, तेव्हा कच्च्या रस्त्यावर गाडी अगदी हळू घ्या.