निपाणीहून रोज अप-डाऊन करू की रूम घेऊ?

निपाणीची लेक:
राणी चन्नम्मा विद्यापीठात एमएला आहे, कॅम्पस बेळगावच्या अलीकडं भुतरामहट्टीला. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळं आधार दाखवलं की शून्य रुपयाचं तिकीट मिळतंय म्हणून घरचे म्हणतात रूम कशाला, पण पहाटे पाचला उठायचं, डबा करायचा, पळत स्टँड गाठायचं आणि रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. काय करू?

संकेश्वरची:
ताई, मी दोन वर्षं केलंय हे. तिकीट फुकट हो, पण वेळ जातो त्याचं काय? जलद गाड्या कॅम्पसला थांबायच्या नाहीत, परीक्षेच्या दिवशी एकदा गाडी सरळ पुढं बेळगावच्या वाटेवरच्या काकती गावापर्यंत गेली, मी हॉलतिकीट हातात धरून दारात रडत उभी, उलट्या दिशेची गाडी धरून पोचले तेव्हा पेपर सुरू झालेला. दुसऱ्याच आठवड्यात आईला म्हटलं, बास.

काकतीकर:
पण रूम बेळगावात घेऊ नको घाईनं. शहरातनं पण कॅम्पस लांबच आहे, म्हणजे भाडं भरून परत रोज बस. आधी हॉस्टेलला अर्ज कर, नाही मिळालं तर काकतीत चौकशी कर.

खानापूरवाली:
आणि कन्नडची भीती असेल तर सोड, माझी रूममेट गोकाकची होती, मी तिला मराठी शिकवलं, तिनं मला कन्नड, भाकरी मात्र दोघींची सारखीच.

निपाणीची लेक:
काकतीचं डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी हॉस्टेलचा अर्ज देते, बाबांना हे सगळं वाचून दाखवते आज.