फ्रान्समधल्या राजाच्या अकादम्या: एक की पाच?

निवांत_काका:
मे महिन्यात लेकीकडे पॅरिसला गेलो होतो. लूव्रमधून बाहेर पडून पायी जायच्या पुलावरून सीन ओलांडली की समोर घुमटाची इमारत. लेक म्हणाली, "ही अकादमी." कोणती, ते तिलाही सांगता येईना. वाचायला घेतलं तर कुठे १६३५, कुठे १६६६, कुठे १७९५. एकाच संस्थेचे तीन वाढदिवस कसे?

भटका_राम:
इमारत आणखी वेगळी. कार्डिनल माझारांने मागे ठेवलेल्या पैशातून कॉलेजसाठी बांधलेली. अकादम्या तिथे राहायला आल्या १८०५ मध्ये.

शिकवणीवाली:
तीस वर्षं फ्रेंच शिकवलं, हा गोंधळ दरवर्षी वर्गात व्हायचा. काका, घर आज एक आहे, चुली पाच. त्यातल्या तीन सांगते.

१६३५ ची फ्रेंच भाषेची. मंत्री रिशल्यूची कल्पना, शिक्का राजा तेराव्या लुईचा. चाळीस खुर्च्या, काम शब्दकोशाचं, आणि पहिला कोश हाती पडायला १६९४ उजाडलं! (सभासदांना 'अमर' म्हणतात. मेल्याशिवाय जागा रिकामी होत नाही, ही त्यातली गंमत.)

१६४८ ची चित्र-शिल्पकलेची माझी लाडकी. तोवर पॅरिसात चित्रकार कारागिरांच्या संघाच्या मुठीत होते, त्यातून सुटायला त्यांनी राजाचा आसरा घेतला. आत शिरायचं तर आपलं एक चित्र द्यावं लागे. वातोने ते द्यायला पाच वर्षं लावली. शार्दां मात्र १७२८ मध्ये एका दिवसात आत. पोट फाडून टांगलेला पाकट मासा, खाली कालवांवर पाठ फुगवून उभं मांजर. लूव्रमध्येच आहे, मोनालिसाच्या गर्दीत चुकलं असेल तर पुन्हा जा.

विज्ञानाची १६६६ ची, चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेअर याची. लंडनच्या रॉयल सोसायटीत सभासद पदरची वर्गणी भरत. इथे राजा पैसे देई. हॉयगेन्स या शास्त्रज्ञाला हॉलंडहून बोलावलं ते असंच.

१७९३ मध्ये क्रांतिकारकांनी सगळ्यांना टाळं लावलं, १७९५ मध्ये सगळ्यांचं एक घर म्हणून 'इन्स्टिट्यूट' काढली, १८१६ मध्ये राजा परतल्यावर जुनी नावंही परतली. हे झाले तुमचे तीन वाढदिवस.

निवांत_काका:
राजाचे पैसे घेतले म्हणजे राजा म्हणेल तिकडे जायचं?

शिकवणीवाली:
जायचेच की! ल जांतीयचं ऐका. शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यासमोरून जाताना, बघायला हा विज्ञान अकादमीचा माणूस १७६० मध्ये पाँडिचेरीकडे निघाला. पण १४ जानेवारी १७६१ ला तिकडे पानिपत झालं आणि दोन दिवसांत इकडे पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती. ६ जूनला शुक्र सूर्यावरून सरकला तेव्हा हा भर समुद्रात, हलत्या जहाजावर. मोजमाप शून्य. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी, म्हणून पठ्ठ्या परतलाच नाही. १७६९ मध्ये फ्रेंचांना परत मिळालेल्या पाँडिचेरीत दुर्बीण लावून बसला. त्या पहाटे नेमके ढग आले, आणि सगळं आटोपल्यावर लख्ख ऊन!

१७७१ मध्ये घरी पोचला तर मेला समजून नातेवाईक वाटण्या करत होते आणि अकादमीतली जागा दुसऱ्याला दिलेली. जागा पुढे मिळाली परत.

भटका_राम:
आणि तो 'अमर'वाल्या अकादमीतला नव्हता, म्हणून मेलेला धरला वाटतं.