शब्दचर्चा: थर वाढवला, दिला की धरला?

चर्चाप्रस्ताव

कार्बन नायट्राइडच्या (कार्बन आणि नायट्रोजन यांपासून बनलेल्या पदार्थाच्या) पिवळ्या भुकटीने दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन मिळवता येतो, हे २००९ मध्ये दिसलं. तेव्हापासून या पदार्थावर सौर ऊर्जेसाठी बरंच काम चालू आहे. त्याचे अतिशय पातळ थर काचेवर कसे करतात, यावर मी मराठीत लेख लिहिते आहे आणि एकाच क्रियापदापाशी दोन दिवस अडले आहे. या क्षेत्रातले लोक सर्रास ‘फिल्म ग्रो केली’ म्हणतात. ‘थर वाढवला’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, थर आधीच होता, तो जाड केला. इथे तर सुरुवात कोऱ्या काचेपासून आहे. ‘निक्षेपण’ (डिपॉझिशन) हा शब्द पुस्तकांत भेटतो, पण त्यातून काय घडलं ते डोळ्यांपुढे येत नाही. ‘लेप दिला’ चालेल का? आणि फिल्मला ‘तनुपट’ म्हणावं का?

प्रतिसाद १

तनुपट नको. तनु म्हणजे पातळ, हे संस्कृतात. मराठी कानाला तनु म्हणजे देह. सरळ ‘पातळ थर’ लिहा. ‘पापुद्रा’ मात्र टाळा, कारण पापुद्रा म्हटलं की तो सुटणारच असं वाटतं.

प्रतिसाद २

मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘लेप’ चुकीचा नाही, पण तो वेगळ्या कृतीचा शब्द आहे. मेलामाइन किंवा युरिया झाकलेल्या मुशीत ५०० ते ५५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की ती पिवळी भुकटी मिळते. ती द्रवात कालवून काचेवर पसरली, तर तो लेप. अडचण अशी की ही भुकटी नेहमीच्या कुठल्याच द्रावकात विरघळत नाही. त्यामुळे लेप म्हणजे काचेला चिकटलेले सुटे कण. सुकताना त्याला तडे जातात, मध्ये भोकं राहतात, आणि प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन कणाकणांच्या सांध्यांत अडकून राहतो. वीज वाहून नेणारी काच खाली असूनही तिच्यापर्यंत फार थोडे पोचतात.

तुम्ही ज्याबद्दल विचारताय त्यात भुकटी नसतेच. मुशीच्या तळाशी मेलामाइन, वर काच पालथी, आणि झाकण. तापल्यावर मेलामाइनची वाफ काचेवर बसते, रेणू अमोनिया सोडत एकमेकांना जोडले जातात, आणि पदार्थ तिथल्या तिथे, काचेवरच तयार होतो. बाहेरून आणून काही लावलेलं नसतं. अशा घडण्याला मराठीत रोजचं क्रियापद आहे: धरणे. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते, ओल्या दगडावर शेवाळ धरतं. तसा काचेवर थर धरतो. ‘लेप दिला’ आणि ‘थर धरला’ एवढ्या दोन शब्दांत दोन्ही पद्धतींमधला फरक वाचकाला कळेल. इतकं नेमकं क्रियापद घरात असताना ‘ग्रो केली’ म्हणत राहायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी पहिल्यांदा अशी काच बाहेर काढली तेव्हा ती कोरीच वाटली होती. पांढऱ्या कागदावर ठेवली, तेव्हा पिवळसर झाक दिसली. तिरपी धरली, तर कडेशी रंगांचे पट्टे सरकताना दिसले. तो पिवळा रंग महत्त्वाचा आहे. या पदार्थाची ऊर्जाफट (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, इंग्रजीत ‘बँड गॅप’) सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, म्हणजे साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा जांभळा-निळा प्रकाश तो शोषतो आणि उरलेला सोडून देतो.

प्रतिसाद ३

‘धरला’ आवडला. पण ‘आम्ही थर धरवला’ लिहू नका. ‘आता धरवत नाही’ म्हणताना धरवणे म्हणजे धरता येणे, त्यामुळे घोटाळा होईल. ‘थर धरू दिला’ हे नैसर्गिक वाटतं.

एकावर एक थर देत जाणार असाल तर ‘पुटं चढवली’ हा शब्द तयार आहे. (झाकलेल्या मुशीवरून आठवलं: रसशास्त्रात दोन परळ तोंडाला तोंड लावून, सांधा मातीने लिंपून, आत औषध ठेवून भाजतात, त्याला शरावसंपुट म्हणतात. तुमची झाकणाची मूस त्याच कुळातली.)

प्रस्तावकर्ती

तिघांचेही आभार. ‘धरला’ पक्कं. पण यातून नवा गुंता निघाला. हा पदार्थ आतूनच ग्राफाइटसारखा एकावर एक रचलेला आहे. त्यालाही मी ‘थर’च लिहीत होते. मग ‘थरातले थर’ अशी वाक्यं होतात.

प्रतिसाद २

त्यांना ‘पदर’ म्हणा. अभ्रकाचे पदर म्हणतोच की आपण. दोन पदरांमध्ये जेमतेम ०.३३ नॅनोमीटर अंतर असतं, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या थरात सुमारे ३०० पदर. ‘थर’ काचेवरचा, ‘पदर’ त्याच्या आतला. आणि वर टाळायला सांगितलेला ‘पापुद्रा’ अजिबात टाकून देऊ नका. काच पाण्यात बुडवल्यावर थर कडेने उचलला जातो, तेव्हा ‘पापुद्रे सुटले’ हेच बरोबर आहे.

प्रस्तावकर्ती

मग वाक्य असं झालं: ‘झाकलेल्या मुशीत मेलामाइनची वाफ होऊ दिली आणि पालथ्या काचेवर कार्बन नायट्राइडचा थर धरू दिला; त्याचे पापुद्रे सुटले नाहीत.’ ‘ऊर्जाफट’ हा शब्दही मी उचलते आहे, आतापर्यंत ‘पट्टा-अंतर’ लिहीत होते.