पेशीवाढीची जनुके: निरोगी पेशीत थांबतात, कर्कपेशीत का नाही?

प्रश्न (विद्यार्थिनी, रत्नागिरी): सीरमविना (वाढीचे संकेत देणाऱ्या रक्तद्रवाविना) उपाशी ठेवलेल्या निरोगी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशींना पुन्हा सीरम दिले, की फॉस आणि मिक ही पेशीवाढीची जनुके लगेच व्यक्त होतात, म्हणजे चालू होतात. वाढीसाठी ती आवश्यकच असतील, तर कर्करोगात त्यांनाच दोष का दिला जातो?

उत्तर १ (चिपळूण): दोष जनुकाचा नसून ते न थांबण्याचा आहे. निरोगी पेशीत फॉसचा आरएनए (चालू जनुकाची पेशीने काढलेली नक्कल) अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठून भरतीच्या पाण्यासारखा ओसरतो. मिकचा आरएनएही अल्पायुषी असतो. बर्किट लिम्फोमात (बी-पेशी या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगात) मात्र ८व्या गुणसूत्रावरील मिक बहुधा १४व्या गुणसूत्रावरील प्रतिपिंड-जनुकाशेजारी जाऊन बसते आणि बी-पेशीत तो भाग सतत सक्रिय असल्यामुळे, बाहेरून संकेत आला नाही तरी मिक चालूच राहते.

उत्तर २ (मालवण): वरील उत्तर योग्यच आहे, परंतु रोधक (विभाजनाला लगाम घालणाऱ्या) जनुकांनाही विसरू नये. अशाच एका जनुकाचे आरबी हे प्रथिन ई२एफ या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला अडवून धरते. आरबी निकामी झाले, की डीएनए-प्रतिकृतीची जनुके अवेळी व्यक्त होतात. शिवाय गाठीची तुलना विश्रांत (विभाजन न करणाऱ्या) ऊतीशी केल्यास केवळ विभाजनामुळे वाढलेली जनुकेही कर्करोगाची वाटू लागतात. यकृताचा तुकडा काढल्यावर पुन्हा वाढणाऱ्या निरोगी यकृतातही मिक वाढतेच, आणि नंतर उतरते.

विद्यार्थिनी: म्हणजे एकाच वेळचा नमुना पुरेसा नाही?

उत्तर १: नाही. सीरमपूर्वी, नंतर ३० मिनिटांनी, २ तासांनी आणि पुढेही नमुने घ्यावेत. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल आणि शीतपेटीतला नाजूक आरएनए खराब होईल याचा नेम नसल्याने आरएनएचे काम शक्यतो त्याच दिवशी उरकावे.